वळाखालचं निळं

या, असे जवळ सरकून बसा. चटई पुरेल सगळ्यांना. कीर्तनाच्या उत्तररंगात बुवा आवाज खाली आणतात आणि खांबाला टेकलेली माणसंसुद्धा आपोआप पुढे सरकतात ना, तशातली ही गोष्ट आहे. मोठ्यानं सांगितली तर तिची विटंबना होईल. देवाची गोष्ट नाही ही, पण ऐकताना देव शेजारी बसलेला असला तर बरं. एकट्यानं ऐकणं जड जाईल. योगिनीची गोष्ट सांगणार आहे, आणि जिला योगिनीनं कधी जिवंत पाहिलं नाही त्या गोदाची.

सुरुवात अगदी बारीक. रत्नागिरीतल्या एका सरकारी लॅबमध्ये योगिनीनं सूक्ष्मदर्शकाला डोळे लावले, आणि जिथं निळं असायला नको होतं तिथं निळं दिसलं. बस. बाहेर पोर्चमध्ये रिक्षा उभी होती, कुणीतरी एक्स-रेची रांग मोडली म्हणून भांडत होतं, आणि इथं ती काचेवरचं ते निळं पुन्हा पुन्हा सरकवून बघत होती. तिचं काम सांगतो म्हणजे समजेल. माणसाच्या शरीरातून काढलेला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवायचा, त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, काचेवर चढवायचे, रंगवायचे. बघायचं आणि लिहायचं काम डॉक्टरांचं. त्या दिवशीचा तुकडा गोदाच्या पाठीचा होता. गोदा पावसच्या बाजूची, आजीचं नाव ठेवलेली तरुण बाई, आंब्याच्या बागेतल्या घरात दिलेली. नवऱ्यानं, अजिंक्यनं, पोलिसांना सांगितलं होतं की ती सकाळी विहिरीच्या पायऱ्यांवरून पडली आणि अंगावरच्या सगळ्या खुणा त्याच पडण्याच्या. ते खरं की खोटं, हे त्या तुकड्यातून कळणार होतं. कातडीखाली रक्त साकळलं की शरीर काही दिवसांनी ते फोडतं आणि त्यातलं लोह तिथंच मागे राहतं. एक खास रंग असतो, तो त्या लोहाला निळं करतो. त्याच दिवशीचा मार असेल तर निळं येत नाही, सगळं गुलाबी दिसतं. निळं आलं तर मार आधीचा. म्हणजे गोदा त्या सकाळी पडली असेल नसेल, पण त्याच्या किती तरी आधीपासून तिला कुणीतरी फोडत होतं.

आणि गोदाची काच निळी आली होती. योगिनीला काय झालं ते तिला स्वतःला सांगता आलं नसतं. आनंद म्हणावा तर आनंदानं माणसाचे दात एकमेकांवर आवळले जात नाहीत. सापडलास, एवढंच ती पुटपुटली, आणि तिला दिसलं की आपण त्या न पाहिलेल्या माणसाचा गळा धरलाय, अंगठे नरड्याच्या खळग्यात रुतलेत, आणि सोडायचं मनात नाही. मग सवयीनं तिनं दुसरी काच लावली. लोहाचा रंग करताना शेजारी एक कंट्रोलची काच रंगवावीच लागते, ज्यात लोह नाही हे आधीच ठाऊक आहे अशा तुकड्याची. ती गुलाबी राहिली तरच पहिलीच्या निळ्याला अर्थ. ती गुलाबी नव्हती. तिच्यावर तसाच निळा चुरा सांडला होता, मांसावर, मांसाबाहेर, नुसत्या काचेवर, कुणी गुलाल उधळावा तसा. म्हणजे निळं गोदाच्या पाठीतून आलेलं नव्हतं. बाहेरून कुठून तरी आलं होतं आणि सगळ्यांवर सारखं पडलं होतं. डोळे काढून तिनं खिडकीकडे पाहिलं तर नारळाच्या झावळीलाही क्षणभर निळी कड दिसली.

कंट्रोलची काच तिनं उचलून तळहातावर ठेवली. एवढीशी तर असते, नखानं दाबली तरी मोडेल. खाली टाकून चपलेची टाच दिली की संपलं. डॉक्टर तेजस्वी वरच्या मजल्यावर होत्या, पोलिसांचा माणूस उद्या अहवाल न्यायला येणार होता. काच फुटली मॅडम, कंट्रोल बरोबर होता, मी बघितला होता, असं म्हटलं तर मॅडम विश्वास ठेवतील, कारण आजवर ती खोटं बोललेली नव्हती. इतक्या वर्षांचा खरेपणा जणू ह्याच एका खोट्यासाठी साठवून ठेवला होता. आणि खोटं तरी कसलं? मारलंच असणार त्यानं. हे ओळखायला योगिनीला रंग लागत नव्हता. ठोकळ्यात बसवण्याआधी बाटलीतला तो तुकडा तिनं पाहिला होता, कातडीवर दोन समांतर रेघा आणि मधे फिकट पट्टी. असा वळ पायरीनं उठत नाही, दांड्यानं उठतो. दांड्याचा वळ तिनं मिरकरवाड्यातल्या घरात रॉकेलच्या दिव्याशी बसून हळदीच्या बोटानं चाचपला होता, आईच्या पाठीवर, आणि आई, शकू तिचं नाव, हसून म्हणाली होती, हळू गो बाय, रांगोळी नाय काढायची तिथं.

शकूला कीर्तनाचं वेड होतं. मासळीच्या टोपल्या उतरल्या, हात लिंबानं घासले, की योगिनीला कडेवर मारून ती देवळात जायची आणि बायकांच्या अंगाला मासळीचा वास लागू नये म्हणून अगदी कडेला, दाराशी बसायची. बुवांनी आख्यान लावलं की तिचा चेहरा असा काही उजळायचा की पोरीला बुवांपेक्षा आईकडेच बघावंसं वाटे. द्रौपदीनं हाक मारली आणि वस्त्र पुरवणारा धावून आला, की शकू मान हलवायची, जणू शेजारच्या घरात घडलेलं सांगतायत. आणि देवळाच्या पायरीखाली बाबल्या उभा असायचा. योगिनीचा बापूस. होडीवरचा खमका माणूस, कुणाच्या मयताला पहिला धावणारा, आणि बायकोला देवळात बसलेली बघितली की डोळ्यांत रक्त उतरणारा. देव तुला खायला घालतो काय गो रांडे, म्हणत तो तिला केसांना धरून न्यायचा. रस्त्यावर मारायचा नाही. घरात न्यायचा, दार लावायचा, भिंतीशी टेकवलेला वल्ह्याचा दांडा घ्यायचा, आणि मग तो आवाज. ओल्या जाळ्यावर काठी आपटावी तसा आवाज. शकू ओरडत नसे, पोरगी जागी होईल म्हणून. पोरगी जागीच असे. एके दिवशी दुपारी तो आवाज झाला आणि मग कायमचा थांबला, आणि मग आईला उचलून बर्फाच्या कारखान्यापाशी नेऊन ठेवली. बर्फाची लादी अंगावर पडून मेली म्हणाले. बंदरातल्या चारचौघांनी मान डोलावली, कारण बाबल्याच्या होडीवर त्यांची पोरं होती. हवालदार दमलेला होता, त्याला बर्फ सोयीचा पडला. लिहा, लादी पडून, असं तो स्वतःलाच सांगत होता. योगिनी तिथंच उभी होती. तिला कुणी काही विचारलंच नाही. आईला अर्धी बर्फात पुरून ठेवली होती आणि बर्फ कडेनं गुलाबी होत चालला होता.

खिडकीच्या काचेवर टकटक झाली. नमुने घ्यायची सरकती खिडकी. बाहेर गोरासा, इस्त्रीच्या शर्टातला माणूस, कपाळाला बुक्का.

"ताई, गोदाचा रिपोर्ट कधी मिळेल? मी तिचा मिस्टर."

गळ्याच्या त्या खळग्याकडे योगिनीची नजर गेली. तिथं तुळशीची माळ होती. "रिपोर्ट पोलिसांकडे जातो. तुम्हाला इथून मिळणार नाही."

"ते ठाऊक आहे हो. आपलं विचारलं. घरात तिचे दिवस घालायचेत, मन लागत नाही." त्यानं आवाज खाली आणला. "तुम्ही मिरकरवाड्यातल्या ना? बाबल्याकाकांची मुलगी. आमच्या बागेतल्या पेट्या घेऊन मी यायचो तिकडे. काका अंथरुणावर असतात म्हणे आता. तुम्ही दिवसभर इथं, आणि दार नुसतं लोटलेलं असतं. भीती नाय वाटत?"

"भीती कुणाची?"

"कुणाची म्हणजे... कुत्रीमांजरं येतात हो." तो हसला. तिनं खिडकी ओढून घ्यायला चौकटीवर हात ठेवला, आणि त्यानंही मदत करावी तशी ती लोटली. जोरात. काच तिच्या तीन बोटांवर आली आणि तो लोटतच राहिला, तिच्या तोंडाकडे बघत, बोटांचं हाड कुठं लागतंय ते जोखत असल्यासारखा. मग सोडली. "अरे अरे, लागलं काय? सॉरी हं ताई. ह्या खिडक्या फार घट्ट असतात." आणि रांगेतल्या म्हातारीला वाट करून देत, हात जोडत तो गेला.

ती ओरडली नव्हती. ते तिच्या नंतर लक्षात आलं आणि बोटांपेक्षा तेच जास्त ठणकलं. नखं काळी पडत होती. समोर काप काढायच्या यंत्राचं पातं होतं, केस उभा चिरणारं, आणि तिनं ते दुसऱ्या हातात घेतलंसुद्धा. पोर्चपर्यंत पळत गेलं तर तो गाठता आला असता. माळेच्या वर की खाली? माळेच्या खाली. रोज संध्याकाळी अंथरुणावरच्या बापाला ती पेज भरवते, ओठांच्या कडेनं गळलेली पेज फडक्यानं टिपते, तेव्हा तिचा हात गळ्याशी येऊन असाच थांबतो. अर्धं अंग गेलेला बाबल्या वर बघतो आणि त्या एका जित्या डोळ्याला कळतं की हात का थांबला. तो तोंड उघडतो. पुढचा घास. तिनं पातं खाली ठेवलं आणि कंट्रोलची काच जमिनीवर ठेवली. टाच उचलली.

आणि टाच तशीच राहिली. देवाचं नाव घेऊन खरं सांगायचं तर तिला धर्म आठवला नाही, नोकरी आठवली नाही. हवालदाराचा दमलेला आवाज तेवढा ऐकू आला: लिहा, लादी पडून. जे सोयीचं आहे ते लिहा, बघितलं नाही ते लिहा, मेलेलं माणूस काय हरकत घेणार आहे? आईला बर्फानं पुन्हा एकदा मारलं होतं त्या दिवशी, आणि त्या बर्फाचा थंडपणा आता तिच्या टाचेत होता. गोदाच्या पाठीवर आपल्या मनातलं निळं ओतायचं, तर अजिंक्यमध्ये नि आपल्यात फरक काय, दोघांनाही गोदाच्या पाठीवर आपलंच काहीतरी उमटवायचं होतं. खाली वाकून तिनं काच उचलली, आणि दोन्ही काचा घेऊन जिना चढली.

डॉक्टर तेजस्वींनी गोदाची काच पाहिली, कंट्रोलची पाहिली, मग तिच्या हाताकडे. "बोटांना काय झालं?"

"खिडकीत आली. अजिंक्यनं लोटली, गोदाच्या नवऱ्यानं."

बाईंनी फोन जवळ ओढला. "ते मी आत्ता पोलिसांना फोन करून सांगते, आणि तुझ्या घरीही माणूस पाठवायला सांगते. पण योगिनी, ह्या काचेवर मी एक अक्षर लिहू शकत नाही. त्याचा वकील पहिला प्रश्न कंट्रोलचा विचारेल, आणि मग खरं असेल तेसुद्धा खोटं ठरेल. निळं येतंय कुठून ते शोध. ठोकळ्यात किती उरलंय?"

"फार नाही. दोन-तीन काप निघतील धड."

"मग आधी चोर पकड, नंतर काप काढ. आणि हात थरथरत असेल तर मी काढते."

"मी काढीन."

खाली येऊन तिनं एक कोरी काच घेतली. मांस नाही, मेण नाही, काही नाही. तिच्यावर रंगाचं द्रावण घातलं. काही वेळानं त्या रिकाम्या काचेवरही निळी धूळ बसली. तुकडा निर्दोष. मग रंगाची नवी पावडर आणि नवं आम्ल घेतलं, तरी निळं. पावडर निर्दोष. राहिलं पाणी. परीक्षानळीत तिनं लॅबच्या डिस्टिल्ड पाण्याच्या कॅनमधलं पाणी घेतलं, त्यात आम्ल आणि द्रावण टाकलं, आणि नळी हळूहळू आभाळासारखी निळी होत गेली. त्याच पाण्यात द्रावण कालवलं होतं, त्याच पाण्यावर मेणाच्या पट्ट्या तरंगवून काचेवर घेतल्या होत्या. आतापर्यंत काढलेला गोदाचा एकूण एक काप बाटला होता. कॅन भरणारा माणूस दारात बसून तंबाखू मळत होता.

"शिवामामा, हे डिस्टिल्ड पाणी आहे?"

"मशीनची कॉइल जळली तवा तुमीच बोललांत ना, मामा, पाण्याचं बघा कायतरी." शिवामामा उठून आला. निवृत्तीला टेकलेला, लांज्याकडचा, सगळ्या लॅबला सकाळी अभंग ऐकवणारा माणूस. "मी म्हटलं नळाचं कशाला? त्यात पावडरी घालतात. आमच्या देवीच्या राईत झरा हाय, तिथनं स्कुटरवर दोन कॅन आणले. बाळंतिणीला पाजतात गो ता पाणी! जांभ्या दगडातनं गाळून येतां. तुमच्या मशीनच्या तोंडात मारील असं शुद्ध."

"मामा, जांभा लाल कशानं असतो?"

"मातीनं."

"लोखंडानं. गंज असतो तो." तिनं नळी त्याच्यापुढे धरली.

शिवामामानं नळीकडे पाहिलं, मग तिच्या बोटांकडे, आणि हातातली तंबाखू तशीच खिडकीबाहेर टाकली. "म्हणजे देवीच्या पाण्यानं त्या पोरीच्या जिवावर खोटी साक्ष दिली?"

रागानं तिचं डोकं भणभणत होतं आणि समोर हा म्हातारा रडवेला उभा. तिला त्यालाही ओरबाडावंसं वाटलं, आणि त्याच वेळी त्याच्या खांद्यावर डोकं टाकावंसंही. "पाणी खोटं नाही बोललं मामा. माझ्यात लोखंड आहे म्हणालं, ते आहेच. आपण त्याला भलतं काम दिलं. आता निघा. ऑपरेशन थिएटरमधून इंजेक्शनच्या पाण्याच्या बाटल्या आणा, मॅडमची चिठ्ठी घेऊन. सगळी भांडी आम्लानं धुवायचीत. लोखंडी चिमटा टेबलावर नको."

भांडी धुताना आम्ल सोलवटलेल्या बोटांना झोंबलं. ठोकळा बर्फावर ठेवून गार केला. मेण कडक असलं की काप नीट निघतो. बर्फावर ठेवताना तिनं डोळे मिटले नाहीत. यंत्राचं चाक फिरवायचा हात तोच, सुजलेला. चाक एका लयीत फिरलं पाहिजे, मधे अडखळलं की पट्टी फाटते. पहिला काप फाटला. मधोमध चिरला गेला, आणि तिला वाटलं आपणच मारतोय हिला, आता ह्या पात्यानं, मेल्यावरही हिच्या पाठीची सुटका नाही. गोदा, थोडं सहन कर, असं ती मोठ्यानं म्हणाली. मागे शिवामामा उभा होता. तो नेहमीसारखा गुणगुणू लागला, शब्द नव्हते, नुसती चाल, पायानं जमिनीवर ठेका. त्या ठेक्यावर तिनं चाक फिरवलं. देवळाच्या दाराशी आईच्या मांडीवर झोपेत ऐकला होता तसा ठेका, जोवर तो चालू आहे तोवर बाहेरचा माणूस आत येऊ शकत नाही असा. दुसरा काप आला. अखंड, सरळ, पाण्यावर पसरला आणि सुरकुती सोडून शांत झाला. तिसरा आला. त्यानंतर ठोकळ्यात नुसतं मेण होतं.

रंगवताना तिनं स्वतःला एक गोष्ट विचारून घेतली. गुलाबी आलं तर? मग गोदा पडली, असं लिहिलं जाईल. मग तो माणूस कपाळाला बुक्का लावून बागेत फिरेल, आणखी कुणाला तरी लग्न करून आणेल. येऊ दे. जे आहे ते येऊ दे. हे म्हणताना तिच्या घशातून जो आवाज आला तो प्रार्थनेचा नव्हता, शिवीला जवळचा होता. पण त्या दिवसातली खरी प्रार्थना तेवढीच.

आधी कंट्रोल, त्याच नव्या पाण्यावर नव्यानं काढलेला. गुलाबी. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत स्वच्छ, बाळाच्या टाळूसारखी गुलाबी. मग गोदा. तीही गुलाबी. योगिनी काच सरकवत राहिली, चरबीच्या जाळ्या, स्नायूंचे धागे, त्या सकाळचं ताजं रक्त, तांबडं, सांडलेलं. सगळं गुलाबी आणि तांबडं. तिच्या कानात समुद्र भरला. आणि मग कातडीच्या खोल खाली, दोन धाग्यांच्या मधल्या फटीत, एक निळा ठिपका. त्याच्याशेजारी दुसरा. मग एक अख्खी ओळ. हे निळं काचेवर पडलेलं नव्हतं, ते पेशींच्या पोटात होतं. मोठ्या, गोल, भरल्या पोटाच्या पेशी. ह्यांचं काम तिला शाळेपासून पाठ होतं. रक्त साकळलं की ह्या येतात, सांडलेलं सगळं गिळतात, जागा झाडून घेतात, मोडलेलं सांधायला वाट करून देतात. दिवसचे दिवस लागतात त्याला. त्यांच्या पलीकडे नवे धागे विणले जात होते, कोवळे, नीटस, एखादी बाई घरात मोडतोड झाल्यावर मुकाट्यानं आवरून ठेवते तसे.

तिला वाटलं होतं पुरावा सापडला की ती हसेल. सापडलास, म्हणेल. पण तिच्या हातून तो मनात धरलेला गळा सुटला, तिनं त्या फटीकडे पाहिलं आणि छातीतून हंबरडा आला, ज्या वयात फुटायला हवा होता त्या वयाचा. शिवामामा धावला. "काय गो? गेला काय सुटून?"

"नाही मामा, नाही सुटत तो." तिला बोलता येईना. "मामा, ही बरी होत होती. आतून बरी होत होती. आणि त्यानं पुन्हा मारलं."

डॉक्टर तेजस्वी खाली आल्या, उभ्यानंच त्यांनी काच पाहिली, मग खुर्ची ओढून बसून पाहिली, आणि अहवाल स्वतःच्या हातानं लिहायला घेतला. योगिनी हात मांडीवर ठेवून बघत राहिली. अजिंक्यचं पुढे काय व्हायचं ते कोर्टात होईल, आणि कोर्टाची वाट लांबची असते हे तुम्हाला काय मी सांगायचं? ती मिरकरवाड्याला घरी गेली. दार लोटलेलं होतं, बाहेर पोलिसांचा माणूस बसला होता, आत बाप होता, पेज भरवायची होती. ती तिनं भरवली.

आता उठाल तुम्ही, चपला शोधाल, घरी जाल. एवढं करा. रात्री देवापुढे दिवा लावून आपल्या माणसांची नावं मनात घेता ना, त्यात एक नाव परकं घ्या. गोदा. पायऱ्यांवरून पडून गेली ती बाई, असं कुणी तुमच्यासमोर म्हणालं तर गप्प राहू नका. म्हणा, ती बरी होत होती.